ओवाळणीतला पट्टा

मी घड्याळाचा पट्टा बोलतोय. घड्याळ नाही हं, तो माझा शेजारी. किती वाजले विचारलं की सगळे त्याच्याकडे बघतात. ते काचेच्या आत बसलेलं, त्याला बाहेरचं काय कळणार! मी मात्र माणसाच्या कातडीला चिकटून राहिलो. कोणाची नाडी केव्हा पळते, कोणाला घाम कशाचा फुटतो, हे मला बरोबर कळतं. शिवाय कान लावून ऐकायची सवय मला पहिल्यापासूनच. म्हणून रायपूरच्या ब्राह्मणपारा मोहल्ल्यातल्या एका घरात जे झालं ते घड्याळानं सांगण्यापेक्षा मी सांगितलेलं बरं.

जन्म माझा लांबचा, स्वित्झर्लंडातला. दोन्ही बाजूंच्या कड्या पोलादाच्या, मधल्या कड्या सोन्याच्या. प्रत्येक कडी दुसरीत अशी बसवलेली की हातात धरलं तर मी पाण्यासारखा खाली ओघळायचो. एक बारीक खटका होता, तो लागला की असा आवाज यायचा जसा एखाद्या शहाण्या माणसानं तोंड मिटलं. तेव्हा मला फार गर्व होता. आता तो आवाजही येत नाही.

मस्कतच्या एका दुकानातून मी नरहरच्या हातात आलो. नरहर विदर्भातला, आर्वीचा. मस्कतला फिटर म्हणून गेला होता आणि बढती मिळत मिळत सुपरवायझर झाला. एवढी वर्षं इमानानं काम केलं म्हणून कंपनीच्या मालकानं सगळ्यांसमोर हे घड्याळ त्याला दिलं. नरहरनं लग्न केलं नव्हतं. सुट्टीच्या दिवशी तो खोलीत एकटा बसून जेवायचा, आणि जेवताना मला काढून ताटाच्या बाजूला ठेवायचा. कोणी सोबतीला बसावं तसा.

त्याला एकच बहीण, मंदाकिनी. ती रायपूरला दिलेली. तिचा नवरा शालिग्राम वैरागडे, सिंचाई खात्यात बाबू.

छत्तीसगड वेगळं राज्य होणार होतं त्याच आठवड्यात भाऊबीज आली. नरहर मस्कतहून मुंबईला उतरला तर त्याची मोठी बॅग आलीच नाही. विमानवाल्यांनी सांगितलं, येईल मागून. बहिणीसाठी घेतलेली साडी त्या बॅगेत. हा आपला खांद्यावरची पिशवी घेऊन रायपूरला हजर.

मंदाकिनीनं पाट मांडला, रांगोळी काढली, ओवाळलं. नरहरनं खिशात हात घातला आणि परत काढला. मग त्यानं माझा खटका उघडला आणि मला तबकात ठेवलं. निरांजनाच्या बाजूला, सुपारीला लागून.

"अरे वेड्या! हे काय करून राहिला तू?" मंदाकिनी म्हणाली. "मी काय करू मर्दानी घड्याळाचं?"

"घाल हातात."

"लोक हसतील ना रे."

"हसू दे. नाही घालायचं तर सांभाळून ठेव. पण तुझं हाय हे, ताई. ओवाळणी हाय."

तिनं मला उचललं तेव्हा मी अजून नरहरच्या हातानं गरम होतो. तिनं आधी पदरानं डोळे पुसले, मग त्याच पदरानं मला पुसलं.

शालिग्राम दारातून बघत होते. पुढे झाले आणि तिच्या हातातून मला घेतलं. "आण इकडे. दोन दिवस मी घालतो. नवीन राज्याच्या कार्यक्रमाला साहेब लोक येणार, जरा शोभा येईल."

ते दोन दिवस काही संपले नाहीत.

ती मागायची कशी? नवऱ्यानं घड्याळ घातलं तर घरातच आहे, असं तिनं स्वतःला समजावलं. नरहर सुट्टी संपवून गेला. पुढच्या उन्हाळ्यात मस्कतहून फोन आला, त्याचं हृदय बंद पडलं. शरीर तेवढं नागपूरला आलं. सामान आलं नाही. ती मागे राहिलेली बॅगही कुठे गेली कोणाला कळलं नाही. त्याच्या अंगावरची म्हणावी अशी एकच गोष्ट ह्या जगात उरली होती. ती शालिग्रामच्या मनगटावर बसून रोज ऑफिसला जात होती.

ऑफिसात तेव्हा मोठी धामधूम. भोपाळहून ट्रक भरभरून फायली येत होत्या. बसायला खुर्च्या नाहीत, फायली व्हरांड्यात. शालिग्राम आता बडे बाबू, म्हणजे हेडक्लार्क, झाले होते. कोणी साहेब आले की ते शर्टाची बाही थोडी वर सरकवायचे.

"बडे बाबू, किस ठेकेदार ने दी?" कोणीतरी विचारायचं.

"ठेकेदार कशाला देईल? आमच्या मेव्हण्याची आठवण हाय," हे छाती फुगवून सांगायचे. आठवण कोणाची आणि कोणाकडे दिलेली, हे सांगायचं ते विसरायचे. टेबलाच्या काचेवर मी घासला जायचो. माझ्या पोटावर पहिले ओरखडे तिथे पडले.

घरी आले की ते मला काढून फ्रिजवर टाकायचे. मंदाकिनी मला उचलायची, पुसायची, देवघराच्या फळीवर ठेवायची. तेवढंच तिचं माझ्याशी नातं. बाकी सगळा दिवस मी दुसऱ्याचा.

मग विनीताचं लग्न ठरलं. विनीता ह्यांची एकुलती एक. मुलगा सुशील, चौबे कॉलोनीतला, इंजिनिअर. त्याच्या आजोबांच्या काळापासून रायपुरात असलेलं मराठी घर. घरात मराठी समजायची सगळ्यांना, पण बोलणं निम्मं हिंदी. मुलगा साधा, चांगला. मी हे मुद्दाम सांगतो, कारण पुढचं ऐकून तुम्ही त्याला नावं ठेवाल.

लग्नाच्या पंगतीत जावई रुसतो, ही आपल्याकडची रीत. तो रुसून बसतो, घास उचलत नाही. सासऱ्यानं काहीतरी द्यायचं, मग तो हसतो, मग सगळे जेवतात. सगळी मस्करीच. सुशीलच्या ताटात सगळं वाढून झालं, पण त्याचे मित्र त्याला हात लावू देईनात.

"रूठ जा बे, रूठ जा! स्कूटर माँग!"

"अरे स्कूटर क्या, घड़ी माँग, घड़ी! देख, ससुरजी के हाथ में क्या चमक रही है!"

सुशील लाजून खाली बघत होता. त्यानं स्वतः एक शब्द मागितला नाही, हे मी शपथेवर सांगतो. पण शालिग्रामच्या ऑफिसचे दोन साहेब समोरच्याच पंगतीत बसलेले. मला त्यांच्या मनगटातली नाडी लागत होती. एकदम धावायला लागली. आणि ह्या माणसानं खटका उघडला.

टाळ्या काय वाजल्या! "वाह बडे बाबू! दिल है आपका!" सुशीलच्या हातात मी गेलो. त्याचं मनगट रुंद, मी अगदी शेवटापर्यंत ताणला गेलो. त्यानं उठून सासऱ्याचे पाय धरले.

मंदाकिनी तुपाचं भांडं घेऊन तिथेच उभी होती. तिच्या हातातली तुपाची धार एका पाहुण्याच्या भातावर पडतच राहिली. "बस, बस हो ताई!" असं तो ओरडला तेव्हा ती भानावर आली.

तरी तेव्हा ती फारशी घाबरली नव्हती. कारण तिच्या माहेरची पद्धत वेगळी. तिकडे रुसव्यात जावयाला अंगावरची वस्तू दिली तर ती दुसऱ्या दिवशी हसतखेळत परत येते, आणि तिच्या जागी सासरा शर्टपॅन्टचं कापड देतो. तिनं कापड आणूनही ठेवलं होतं, चांगलं, कंपनीचं. पण सुशीलच्या घरी असं काही नव्हतंच. त्यांच्याकडे सासऱ्यानं हातातून काढून दिलं म्हणजे दिलं. तो तर घरोघर सांगत होता, "बाबूजी ने अपने हाथ से उतार के पहनाई." दुसऱ्या दिवशी तो आला, मला घालूनच आला. जेवला, कापडही घेतलं, पाया पडला आणि विनीताला घेऊन गेला.

समोरच्या सत्यभामाबाई मंदाकिनीच्या जिवाभावाच्या. गल्लीच्या ह्या घरातून त्या घरात वाटी पोचते तशी बातमीही पोचते. त्या सणासुदीला विचारायच्याच, "काय वं मंदा, देल्लं का घड्याळ वापस?"

"देतील ना. नवीन नवीन हाय अजून."

"अवं, मागून घे ना. काहून लाजतं?"

"जवायाला कसं मागू? पोरगी दिली त्या घरी."

मग एका दिवाळीला सत्यभामाबाईंनीही विचारायचं सोडलं. विचारून विचारून त्यांनाच वाईट वाटायला लागलं असेल.

सुशीलनं मला रोज घातलं. नव्या राजधानीची कामं निघाली, तो तिकडे साईटवर जायचा. शेतातून सरळ रस्ते काढत होते, मोठमोठे खांब उभे होत होते, आणि जिकडे तिकडे सिमेंट. दुसरा कोणी असता तर महाग घड्याळ घरी ठेवून साधं घालून गेला असता. हा म्हणायचा, "बाबूजी का आशीर्वाद है, अलमारी में क्यों रखूँ?" सिमेंटची पूड माझ्या कड्यांमध्ये शिरली, घामात कालवली आणि रोज थोडं थोडं मला आतून खात राहिली. बारीक पिना झिजल्या, पिनांची भोकं मोठी झाली. मी लांबलो. हात खाली सोडला की मी बोटांपर्यंत घसरायचो. पूर्वी पाण्यासारखा ओघळत होतो म्हणालो ना, आता म्हाताऱ्या माणसाच्या ओठासारखा लोंबत होतो.

सणाला ते सासरी यायचे तेव्हा मंदाकिनीचं लक्ष पहिल्यांदा माझ्याकडे जायचं. चहा देताना, वाढताना, निरोप देताना. सुशील ते बघायचा. हात जरा पुढे करायचा, तिला नीट दिसावं म्हणून. त्याला काय वाटत होतं ते मला तेव्हा कळायला हवं होतं.

लग्नाला सात वर्षं झाली त्या वर्षी अधिक महिना ऐन उन्हाळ्यात आला. आपल्याकडे त्याला धोंड्याचा महिना म्हणतात. जावयाला बोलवायचं, अनारशांचं ताट द्यायचं, वर दिवा लावायचा, काही वाण द्यायचं. त्याच्या आधी विनीता घरी आली आणि तिनं पर्समधून घड्याळाला आणि मला काढलं.

"बाबा, इसकी चेन बहुत ढीली हो गई. हे म्हणत होते, कहीं गिर जाएगी. कोणाले दाखवून दे ना."

शालिग्राम खूश. "दे. हेच वाण समज यंदाचं. नवीन करून देतो तुझ्या नवऱ्याला."

विनीता गेली. आणि इतक्या वर्षांनी मी त्या घरात राहायला आलो.

दुपारी शालिग्राम झोपले तेव्हा मंदाकिनीनं मला स्वयंपाकघरात नेलं. अनारशांसाठी तांदूळ भिजवले होते, ते ती उपसत होती. तिनं हात कोरडा केला आणि मला पहिल्यांदा स्वतःच्या हातात घातलं. पहिल्यांदा! मी सरकत कोपरापर्यंत गेलो. तिनं हात वर केला, खाली केला. मी वर खाली झालो. मग तिनं मला बांगड्यांच्या मागे दाबून बसवलं आणि तशीच काम करत राहिली. बांगड्या माझ्यावर आपटत होत्या. त्या हाताला पिठाचा आणि वेलदोड्याचा वास होता.

संध्याकाळी चहाच्या वेळी ती नवऱ्याला म्हणाली, "अहो, मी काय म्हणते. आता हे देऊच नका ना वापस."

"काय?"

"जवायांना दुसरं घेऊन देऊ. ह्याच्याहून नवं. माझ्या बांगड्या मोडा पाहिजे तर."

"वेडी झाली का तू? सात वर्षं झाली. जवाई काय म्हणतील?"

"ते माझं होतं ना पण. नरहरनं मले देल्लं होतं."

शालिग्रामनी कप खाली ठेवला. "एका घरात तुझं-माझं काहून आणून राहिली तू? एवढं होतं तर तेव्हाच बोलायचं होतं."

"तेव्हा कोणी विचारलं मले?"

ते उठून बाहेर गेले. वाईट माणूस नव्हे हो. पण चार लोकांसमोर एकदा मोठं मन दाखवलेला माणूस, त्याला ते मन परत कसं घेता येणार?

मालवीय रोडच्या घडीसाजानं मला भिंगातून बघितलं आणि मान हलवली. पिना आणि भोकं झिजलीत, मुंबईला पाठवावं लागेल, दोन-तीन महिने लागतील, नाहीतर पट्टाच नवीन टाका म्हणाला. शालिग्रामना दोन-तीन महिने कुठले परवडायला, जेवण तर रविवारी. घरी हात हलवत गेलं तर बायको पुन्हा तोच विषय काढेल, ही भीती वेगळीच. ते सरळ सदर बाजारात गेले, आपल्या नेहमीच्या सोनाराकडे. धर्मपाल नाव. ह्या घरची पैंजणं, जोडवी, कमरपट्टा सगळं त्याच्याच हातचं.

"धर्मपाल, कड्या ढिल्या झाल्या बघ. डाग देऊन जोडून टाक."

धर्मपाल मला उलटसुलट करून बघत राहिला. "घड़ी का है भैया. मैं तो गहना बनाता हूँ."

"अरे कमरपट्ट्याच्या कड्या जोडतोस ना? मग ह्यात काय वेगळं? दोन बोटांचं काम."

"हव, आप बोलते हैं तो कर देता हूँ."

फुंकणीची आग अंगावर आली. कडीकडीतल्या फटी त्यानं भरल्या. मी ओरडू शकलो असतो तर सांगितलं असतं, बाबांनो, ती फट म्हणजे माझा दोष नाही, तिच्यामुळेच तर मी वळतो! ढिलेपणा जास्त झाला होता हे खरं. पण सगळा ढिलेपणा काढून टाकला की पट्ट्याचं काय उरतं? पट्टी उरते. वरून चकचकीत पॉलिश मारून त्यानं मला दिलं. शालिग्रामनी लांबूनच बघितलं आणि खिशात टाकलं.

रविवारी पाट मांडला. ताटात अनारसे रचले, वर पिठाचा दिवा. सुशील नवा सदरा घालून बसला. सत्यभामाबाई मदतीला आलेल्या. औक्षण झालं आणि शालिग्रामनी मोठ्या थाटात आम्हाला पुढे केलं.

सुशीलनं हातात घालायला घेतलं. मी वळेना. त्यानं जोर लावला, मी एका बाजूला ताठ उभाच. खटका तर पोचेचना. तो जोरात हसला.

"बाबूजी! ये तो कड़ा हो गया! चेन का हथकड़ी बना दिया आपने!"

सगळे हसले. विनीता हसली, सत्यभामाबाई हसल्या, शालिग्रामही कसेबसे हसले. सुशीलच्या हसण्यात काही खोट नव्हती. उलट सासऱ्याचं तोंड उतरलेलं बघून तोच म्हणाला, "कोई बात नहीं बाबूजी. टेंशन मत लो. शोरूमवाला पुरानी चेन ले लेता है, बीच में सोना है ना. गला देते हैं, और नई लगा देते हैं. आपण एक्सचेंज करून टाकू."

"पट्टा मोडू नका."

मंदाकिनी बोलली होती. हातात वाढायची वाटी.

"नाही आई, घड़ी तीच राहील. सिर्फ चेन—"

"पट्टा मोडू नका, जावईबापू. माझ्या भावाचा हात होता त्यात." तिचा आवाज चढला नव्हता. पण आता तो थांबणारही नव्हता. "भाऊबीजेला देल्लं होतं त्यानं मले. ओवाळणी होती माझी. रुसवा मस्करीचा असते. आमच्या तिकडे वापस करतात. मी वाट पाहून राहिली सात वर्षं."

अनारशांवरचा दिवा फडफडला. विनीतानं हळूच "आई!" म्हटलं.

सुशीलनं आधी सासऱ्याकडे बघितलं. शालिग्राम जमिनीकडे बघत होते. तेवढं पुरे झालं त्याला.

"सात साल," तो म्हणाला. "हर दिवाली, हर राखी, आई, तुम्ही माझ्या हाताकडे बघत होत्या. मी समजत होतो तुम्हाला बरं वाटते. म्हणून मी साईटवर पण काढत नव्हतो."

"तुमची चूक नाही—"

"तुम्ही दिवस मोजत होत्या."

"नाही हो, तसं नाही..."

त्यानं मला पाटावर ठेवलं. फेकलं नाही. फेकलं असतं तर बरं झालं असतं, भांडण झालं असतं, रडारड होऊन संपलं असतं. त्यानं आम्हाला अगदी सरळ ठेवलं, जसं दुसऱ्याच्या घरची वस्तू ठेवतात. मग उठून हात धुतले. जेवण तसंच राहिलं.

दारात विनीता आईजवळ थांबली. "पहिल्या साली सांगितलं असतं तर हे हसत हसत देऊन देते, आई. मीच आणून देती. आता मी घरी काय सांगू? सबको मालूम है, ससुराल की घड़ी."

अनारशांचं ताट नेलं नाही. सत्यभामाबाईंनी ते झाकून ठेवलं. मग त्या खूप वेळ मंदाकिनीजवळ नुसत्या बसून राहिल्या, तिच्या पाठीवर हात ठेवून. गल्लीभर गोष्टी करणारी ती बाई त्या दिवशी एक शब्द बोलली नाही, आणि नंतर बाहेरही बोलली नाही. हे मी तिच्या बाजूनं सांगून ठेवतो.

शालिग्राम मात्र बोलले. "मानलं तुले. जवायाच्या हातातून काढून घेतलं."

"माझ्या हातातून घेतलं तेव्हा तुम्हाले असंच वाटलं होतं का?"

त्यानंतर त्या घरात कामापुरतं बोलणं उरलं. दूध आलं का, गॅस संपला, दार लावून घे.

आता मी मंदाकिनीचा आहे. जे तिचं होतं ते तिला मिळालं, असं कोणी म्हणेल. मी काय झालं ते सांगतो. सगळी गेल्यावर तिनं मला दोन्ही हातात धरून नाकाजवळ नेलं होतं. डोळे मिटले होते. बहीण भावाला शोधत होती. आणि माझ्याकडे काय होतं द्यायला? सोनाराच्या दुकानातला जळका वास, पॉलिश, आणि कड्यांच्या आत खोल बसलेलं राजधानीचं सिमेंट. नरहरचा घाम केव्हाच गेला होता. तिच्या नवऱ्यानं तो टेबलावर घासून घालवला, तिच्या जावयानं मायेनं रोज घालून घालवला, आणि तिनं स्वतः दर संध्याकाळी पदरानं पुसून घालवला. जिच्यासाठी तिनं पोरीचं येणंजाणं पणाला लावलं ती गोष्ट माझ्यात नव्हती. मला बोलता येत नव्हतं. आणि आलं असतं तरी हे तिला सांगायची माझी हिंमत झाली नसती.

तिनं डोळे उघडले. तिला कळलं होतं.

थोड्या दिवसांनी तिनं विनीताला फोन केला. "घेऊन जा वं घड्याळ. मी पाठवते बाबांच्या हातानं. माझं चुकलं समज."

"नको आई. हे घालणार नाहीत."

"मग ठेवून दे कपाटात."

"कपाटात ठेवायचं तर तुझ्याकडेच राहू दे ना." मग थोडं थांबून, "तुझ्या हाताला पट्टा होतो का गं?"

"नाही होत. ताठच राहतो, आणि एका बाजूनं टोचतो."

मग विनीतानं आईच्या गुडघ्याचं विचारलं आणि फोन ठेवला.

विनीता येते. एकटी येते. बाहेरच्या खोलीत बसते, पाणी पिते, आईच्या गुडघ्याचं विचारते. पूर्वी यायची ती सरळ स्वयंपाकघरात, झाकणं उघडून बघायची, पोळीचा तुकडा मोडून तोंडात टाकायची. आता वाढलं तरच खाते, पाहुण्यासारखी. सुशील वाईट बोलत नाही कोणाविषयी. फोनवर सासूला नमस्कार सांगतो. त्याच्या मनगटावर काहीच नसतं म्हणे, तो मोबाईलवर वेळ बघतो.

मी देवघराच्या फळीवर असतो. माझा शेजारी, ते घड्याळ, हात हलला की चालतं, नाहीतर बंद. सध्या बंदच आहे.

माझं एवढंच मागणं आहे. तुमच्याही घरी अशी एखादी वस्तू असेल, मस्करीत गेलेली, तर पंगत उठायच्या आधी मागून घ्या. लोक दोन घटका हसतील, हसू द्या त्यांना. आणि देणाऱ्यांनो, हातातून काढण्याआधी मागे वळून बघा, तुपाचं भांडं घेऊन कोणी उभं आहे का.

परवा शालिग्राम फळीजवळ आले. खूप दिवसांनी त्यांनी मला हातात घेतलं, ताठ झालेल्या कड्या बोटानं दाबून बघितल्या. मग आत बघून, आवाज जरा मऊ करून म्हणाले, "मंदा, मी काय म्हणतो. मुंबईला पाठवून देऊ का ह्याला? म्हणतात, सोनाराचा डाग काढून पहिल्यासारखं करून देतात."

मंदाकिनी भाजी निवडत होती. तिनं वर बघितलं नाही.

"राहू द्या," ती म्हणाली. "कोणाच्या हातासाठी करता आता?"